रोटरी इंजिनाच्या साइड प्लेटी: लॅपिंग करावं की ग्राइंडिंग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मामांकडून आलेल्या 1989 च्या माझदा आरएक्स-7 गाडीचं 13बी रोटरी इंजिन तुम्ही उघडलं आहे. रोटरच्या, म्हणजे पिस्टनच्या जागी फिरणाऱ्या तिकोनी भागाच्या, सीलने घासून बाजूच्या तिन्ही बिडाच्या प्लेटींवर झिजेची पायरी पडली आहे. पुढच्या प्लेटीवर 0.03 मि.मी., मधल्या प्लेटीवर जास्तीत जास्त 0.06 आणि मागच्या प्लेटीवर 0.14 मि.मी., शिवाय मागच्या प्लेटीवर ऑइल सीलच्या वर्तुळातही नखाला लागेल असा काठ आहे. मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) ग्राइंडिंगवाल्या भाईंनी तिन्ही प्लेटी पाहून ‘थई जशे’ (होऊन जाईल) म्हटलं, परदेशातले रोटरीवाले मात्र लॅपिंगशिवाय हात लावू नका म्हणतात. खरं कोणाचं?

मी इथे वडोदऱ्यात लॅपिंगचं काम करतो, म्हणजे फिरत्या बिडाच्या प्लेटीवर सुटे घासणारे दाणे टाकून त्यावर जॉब (कामाचा तुकडा) सपाट घासायचा. माझा रोजचा माल म्हणजे पंपांच्या मेकॅनिकल सीलचे फेस, कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्ह प्लेटी, कोयलीच्या रिफायनरीकडून आणि नंदेसरीच्या केमिकल कारखान्यांकडून येणारे व्हॉल्व्ह. रोटरीच्या प्लेटी क्वचित येतात, पण येतात. तेव्हा मी लॅपिंगवाला आहे हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. तरीही सांगतो, तुमच्या तीन प्लेटींचं उत्तर एक नाही. पुढची आणि मधली लॅप करा. मागच्या प्लेटीचं काम नुसत्या लॅपिंगनेही होणार नाही आणि नुसत्या ग्राइंडिंगनेही नाही.

ग्राइंडिंगवाले भाई खोटं बोलत नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर सिलिंडर हेड आहे. हेडचा फेस सपाट हवा, त्यावर गॅस्केट बसतं, गॅस्केट थोडं दबतं, बारीकसारीक रेषा भरून निघतात आणि काम संपतं. तो फेस एकदा बोल्ट कसले की हलत नाही. रोटरीची साइड प्लेट मात्र एकाच वेळी तीन कामं करते. ती ज्वलनकक्षाची भिंत आहे, पाण्याच्या सीलची बैठक आहे आणि रोटरच्या सीलचा रस्ताही आहे. प्रत्येक रोटरला टोकांवरचे तीन एपेक्स सील, सहा साइड सील, सहा कॉर्नर सील आणि दोन्ही बाजूंना ऑइल सीलच्या रिंगा. यातले साइड सील, कॉर्नर सील आणि ऑइल सील या प्लेटीवर सतत घासत फिरतात. शाफ्ट 6000 आरपीएमने फिरला तर रोटर स्वतःभोवती 2000 ने फिरतो, आणि वर 15 मि.मी.च्या एक्सेंट्रिसिटीने (केंद्र बाजूला सरकलेलं असल्याने) झोके घेतो. म्हणजे सील एका दिशेने जात नाही. त्याच जागेवरून ते दर वेळी वेगळ्या कोनात जातं.

आता सरफेस ग्राइंडरने, म्हणजे फिरत्या घासणाऱ्या चाकाने फेस कापणाऱ्या मशीनने, काय होतं ते पाहा. आडव्या स्पिंडलच्या मशीनवर सगळ्या रेषा एका दिशेने पडतात. डोळ्याला फेस आरशासारखा दिसतो, पण त्यावर बारीक, लांब, समांतर नाळ्या असतात. सील त्यांना तिरकं जातं तेव्हा त्या तेल धरतात, ठीक आहे. पण ज्या जागी सीलची चाल रेषांना साधारण काटकोनात आणि सीलची लांबी रेषांना समांतर येते, तिथे सीलची धार चढउतारांवर आपटत जाते. आणि जिथे रेषा सीलच्या खालून आरपार जातात, तिथे दाबाखालच्या गॅसला पलीकडे निसटायला तयार वाट मिळते. लॅपिंगमध्ये दाणे मशीनची प्लेट आणि जॉबच्या मधे लोळत जातात, म्हणून फेसवर दिशाच नसते. सगळीकडे सारखा राखाडी, मॅट पोत येतो, छोटे सुटे खळगे, ज्यांत तेल राहतं पण ज्यांतून गॅसला सलग वाट सापडत नाही. साइड सीलसाठी मला हाच पोत हवा असतो. फार बारीक दाणा घेऊन चकचकीत करण्याचा मोह टाळावा. त्याने तेल धरायला जागाच उरत नाही.

पोत हा अर्धाच मुद्दा झाला. त्याहून मोठा मुद्दा कातडीचा आहे.

तुमच्या प्लेटी नुसतं बीड नाहीत, त्या नायट्राइड केलेल्या, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कठीण केलेल्या आहेत. गॅस नायट्रायडिंग साधारण 500 ते 570 अंश सेल्सियसला होतं. त्यातून सगळ्यात वर एक अतिशय कठीण पापुद्रा तयार होतो, काही मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे 0.001 मि.मी.) फार तर 20-25 मायक्रॉनपर्यंत. त्याच्या खाली नायट्रोजन मुरलेला थर असतो आणि तो जसजसं खोल जावं तसतसा मऊ होत मूळ बिडाला मिळतो. यातून एक गोष्ट उघड होते. जिथे सीलने 0.06 मि.मी. म्हणजे 60 मायक्रॉन खाल्ले आहेत, तिथला वरचा पापुद्रा कधीच गेला आहे. राहिलेली प्लेट त्या खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवायची म्हणजे जिथे अजून चांगली कातडी आहे तिथलीही ती काढून टाकायची. फेस सुंदर दिसेल, आणि इंजिन पहिल्यापेक्षा लवकर झिजेल. म्हणून परदेशातलेही जे अनुभवी लोक लॅपिंगला नाही म्हणतात, त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. त्यांचा आक्षेप पद्धतीवर नाही, किती काढलं यावर आहे. आणि तो बरोबर आहे.

माझी पद्धत अशी की पायरी शून्यावर आणायचीच नाही. सीलला त्रास खड्ड्याच्या खोलीपेक्षा त्याच्या काठाचा होतो. उतरता, गुळगुळीत खड्डा सील स्प्रिंगच्या जोरावर पार करतं. उभा काठ असेल तर त्यावर आपटतं, थरथरतं आणि कोपरा तोडतं. मधली प्लेट 30-40 मायक्रॉन उतरवली की काठ मोडतो, उरते ती 20-30 मायक्रॉनची सौम्य उतरण. माझ्या मते तिथे थांबावं. माझदाच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये सरकत्या फेसच्या झिजेची मर्यादा 0.10 मि.मी. आणि वाकाची मर्यादा 0.04 मि.मी. आहे. म्हणजे तुमची पुढची आणि मधली प्लेट झिजेच्या हिशेबाने मुळातच मर्यादेत आहे. पुढच्या प्लेटीला तर फक्त काठ आणि ओरखडे जातील इतकाच हात लावायचा.

वाक तुम्ही कळवला नाही आणि तो मोजल्याशिवाय कोणाच्याही मशीनवर जॉब ठेवू देऊ नका. पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) 0.04 चा अंदाज येतो, मोजमाप येत नाही. ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर फेस वर करून तीन जॅकवर ठेवा, तीन कोपरे शून्याला आणा आणि डायलने (सूक्ष्म चढउतार दाखवणाऱ्या काट्याच्या गेजने) सगळा फेस फिरा, शंभर एक बिंदू घ्यायचा कंटाळा करू नका. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीतून काढलेला जॉब लगेच मोजू नका. बीड 300 मि.मी. लांबीला 10 अंशांत साधारण 0.03 मि.मी. वाढतं, आणि एक बाजू तापलेली, दुसरी थंड असेल तर ते नुसतं वाढत नाही, वाकतं. रात्रभर सरफेस प्लेटवर पडू द्या, सकाळी मोजा.

वाक हा विषय आला की मॅग्नेटिक चकचं (ग्राइंडरवर जॉब चुंबकाने धरणाऱ्या बैठकीचं) बोलावंच लागतं, कारण ग्राइंडिंगमधली बहुतेक खराबी तिथे होते. वाकलेली प्लेट चकवर ठेवून मॅग्नेट चालू केला की तो तिला खाली खेचून सपाट करतो. व्हील फिरतं, ठिणग्या उडतात, फेस एकदम समतल होतो. मॅग्नेट बंद केला की प्लेट आपल्या मूळ वाकावर परत जाते, चटईचा दुमडलेला कोपरा हाताने दाबून सोडावा तसा. एका ठिकाणी ग्राइंड करून आणलेली मधली प्लेट माझ्याकडे तपासायला आली होती. मालकाला ‘झिरो झिरो’ सांगितलेलं होतं, आणि चकवर ती झिरो असेलही. माझ्या सरफेस प्लेटवर मध्यभागापासून प्लगच्या बाजूच्या कडेपर्यंत डायलचा काटा 0.05 फिरला. म्हणजे मटेरियल गेलं, कातडी गेली आणि वाक जवळजवळ तसाच राहिला. चांगला ग्राइंडिंगवाला आधी प्लेटीखालची फट मोजतो, तिथे शिम (पातळ पत्रा) घालतो, मॅग्नेट कमीत कमी ठेवतो, एक बाजू हलकी मारून जॉब उलटतो. असं करणारे कारागीर मकरपुऱ्यात आहेत. पण त्यांना ते करायला सांगावं लागतं, आणि त्या वेळेचे पैसे द्यावे लागतात.

पुढच्या आणि मागच्या प्लेटीला आणखी एक अडचण आहे. त्यांची पाठ सपाट नाही. एकीकडे फ्रंट कव्हर बसतं, दुसरीकडे गिअरबॉक्सची बाजू येते. उंचवटे, बॉस, तेलाच्या वाटा. ग्राइंडरला संदर्भासाठी पाठ लागते, म्हणून तिथे फिक्स्चर बनवावं लागतं. लॅपिंगला पाठ लागत नाही. जॉब तोंड खाली करून स्वतःच्या वजनावर बसतो, त्याला कोणी पकडत नाही, खेचत नाही. म्हणून तो मोकळ्या अवस्थेत जसा आहे तसाच सपाट होतो. लॅपिंगच्या बाजूने माझा सगळ्यात ठाम मुद्दा हाच.

मात्र लॅपिंग म्हणजे काचेवर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून हाताने आठचे आकडे काढणं नव्हे. हाताच्या दाबाने कडा जास्त खाल्ल्या जातात आणि फेस मधे फुगीर होतो. पाण्याच्या सीलच्या बैठका तर बरोबर कडेलाच आहेत. लॅपिंग मशीनच पाहिजे, बिडाची फिरती प्लेट आणि तिच्यावर जॉब धरणाऱ्या आणि प्लेट सपाट ठेवणाऱ्या कंडिशनिंग रिंगा. हा जॉब 24 इंची मशीनच्या रिंगेत मावत नाही, 36 इंची मशीन शोधा. दुकानात गेलात की मालकाला विचारा, तुमची लॅप प्लेट शेवटची कधी तपासली आणि कशाने. लॅप प्लेटही झिजते. ती फुगीर झाली की जॉब खोलगट येतो, खोलगट झाली की जॉब फुगीर येतो. रिंगा आत-बाहेर सरकवून ती पुन्हा सपाट करता येते, आणि जो हे रोज करतो तो तुमच्या प्रश्नावर रागावणार नाही, उलट मोजून दाखवेल.

लॅपिंग चालू असताना एक गोष्ट आवर्जून पाहायला या. पहिल्या काही मिनिटांनी जॉब उचलून पुसला की फेस दोन रंगांत वाटलेला दिसतो. जिथे दाणा लागला तिथे राखाडी, जिथे लागला नाही तिथे जुनी चकाकी. तो त्या प्लेटीचा खरा नकाशा असतो. स्पार्क प्लगच्या बाजूला, जिथे इंजिन कायम तापतं, सीलचा मार्ग चंद्रकोरीसारखा चमकत राहतो. दुसऱ्या बाजूला, इनटेकच्या पोर्टजवळ (हवा आत येण्याच्या भोकाजवळ), आधीच सगळं राखाडी झालेलं असतं. कोर हळूहळू बारीक होत जाते. तिची धार पुसट झाली की मी मशीन थांबवून डायल लावतो, ती पूर्ण मिटण्याची वाट कधीच पाहत नाही. मधल्या प्लेटीचे दोन्ही फेस सरकते आहेत, म्हणून तिथे दोन्ही बाजू कराव्या लागतात आणि जाडी सहा-आठ ठिकाणी मायक्रोमीटरने पाहावी लागते. वजन एका बाजूला जास्त असेल तर लॅपिंगनेही जॉब तिरका होतो, तो मधूनमधून फिरवून ठेवावा लागतो.

दाणा मी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा वापरतो. सिलिकॉन कार्बाइड जलद कापतं, पण त्याचा टोकदार कण बिडातल्या ग्राफाइटच्या खळग्यात जाऊन रुतला तर निघता निघत नाही, आणि पुढे इंजिनात तोच सील आणि बेअरिंग लॅप करत बसतो. ॲल्युमिनियम ऑक्साइड कामात तुटत बारीक होत जातं, धुतलं जातं.

धुण्याला मी मशीनइतकंच महत्त्व देतो. लॅपिंगला देण्याआधी स्टेशनरी गिअर, बेअरिंग, डॉवेल सगळं काढा, तेलाच्या वाटा बुच मारून बंद करा. नंतर रॉकेल आणि ब्रश, मग गरम पाण्यात डिटर्जंट, मग हवा, आणि पुन्हा एकदा तेच. पांढरं सुती फडकं फेसवर दाबून फिरवा. करडा डाग येतो तोवर प्लेट स्वच्छ नाही. आणि कोरडी झाल्याबरोबर तेल लावा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या हवेत नुकत्याच लॅप केलेल्या बिडावर काही तासांत गंज धरतो.

पोर्टच्या कडा विसरू नका. फेस उतरला की पोर्टची कड सुरीसारखी होते आणि साइड सील, कॉर्नर सील तिच्यावरून जातात. बारीक ऑइल स्टोनने ती अगदी थोडी मोडायची, हाताने, फेसला ओरखडा न लावता. आरएक्स-8 च्या इंजिनात एक्झॉस्टही साइड प्लेटीतूनच जातो, तिथे हे काम दुप्पट आणि दुप्पट जपून.

इथे लोक एक शंका काढतात की प्लेट उतरवली की रोटरची साइड क्लिअरन्स (रोटर आणि प्लेटीमधली फट) बिघडेल का. नाही. ती रोटर हाउसिंगच्या (रोटरभोवतीच्या घराच्या) आणि रोटरच्या रुंदीतून येते. 13बी मध्ये ही रुंदी 80 मि.मी. आहे आणि प्लेटीचा तिच्याशी संबंध नाही. पण म्हणूनच रोटर हाउसिंगचे फेस किंवा रोटरच्या बाजू कोणी लॅप किंवा ग्राइंड करायला निघालं तर हात धरा. हाउसिंग ॲल्युमिनियमचं आहे, ते उतरवलं की क्लिअरन्स थेट कमी होते, शिवाय मऊ ॲल्युमिनियममध्ये दाणे रुतून बसतात. आतल्या क्रोमच्या पृष्ठभागाला तर यातली कुठलीच पद्धत लागू नाही. तो गेला की हाउसिंग बदलायचं.

तुमच्या मॉडेलला मात्र एक खास गोष्ट तपासावी लागेल. 1986 पासूनच्या इंजिनांत पाण्याच्या सीलची खाच साइड प्लेटीत आहे, आधीच्या इंजिनांत ती रोटर हाउसिंगमध्ये होती. म्हणजे तुमचा फेस जितका उतरेल तितकी खाच उथळ होईल आणि सील जास्त दबेल. 30-40 मायक्रॉनने काही बिघडत नाही. 0.15 च्या वर गेलात तर खाच तेवढीच खोल करून घ्यावी लागेल, आणि ते काम मिलिंगवर, चांगल्या हातात. खाचेच्या कडेची भिंत गंजाने खाल्ली असेल तर तेही आत्ताच पाहा; ती पातळ भिंत तुटली तर पुढचा सगळा खर्च वाया.

आता मागची प्लेट. 0.14 ची पायरी लॅपिंगने काढणं शक्य आहे, फक्त त्याला मशीनचा वेळ प्रचंड जातो आणि शेवटी हातात मऊ बीड उरतं. इथे ग्राइंडिंगच योग्य, कारण मटेरियल भरपूर काढायचं आहे आणि कातडी तशीही जाणारच आहे. क्रम असा ठेवा: वाक मोजून, फिक्स्चरवर शिम घालून ग्राइंडिंग. व्हील ताजं ड्रेस केलेलं, कूलंट मोकळा, शेवटचे कट अगदी हलके आणि स्पार्क जवळजवळ बंद होईपर्यंत फिरवलेले. जळका निळसर-तपकिरी डाग दिसला तर तिथेच थांबायचं. मग खाचेची खोली, पोर्टच्या कडा आणि सगळं यांत्रिक काम उरकायचं. मग पुन्हा नायट्रायडिंग. त्यात प्लेट थोडी फुगते आणि थोडी हलते, म्हणून त्यानंतर अगदी हलकं शेवटचं लॅपिंग, काही मायक्रॉनचं, नव्या कातडीला धक्का न लावता. ऑइल सीलच्या वर्तुळातला काठही याच क्रमात जातो, आणि तो जायलाच हवा. तो राहिला तर इंजिन निळा धूर सोडत राहील, वरची सगळी मेहनत करूनही.

नायट्रायडिंगवाल्याला आधी विचारा की तो बिडाचं काम करतो का. अनेकांचा रोजचा माल स्टीलच्या डाय आणि गिअरचा असतो. काम झाल्यावर कठीणपणा तपासून घ्या, पण उसळी मोजणारा साधा पोर्टेबल टेस्टर इथे चालत नाही, तो पातळ थराच्या खालचं बीडच मोजतो. कमी भाराचा अल्ट्रासॉनिक टेस्टर मागा. तो नसेल तर सील जिथे फिरत नाही अशा कोपऱ्यात बारीक कानस हलकेच चालवून पाहा. नायट्राइडवर ती घसरते, उघड्या बिडावर चावते. हीच परीक्षा पुढच्या आणि मधल्या प्लेटीवर लॅपिंगच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करा.

एवढं सगळं केल्यावर मागच्या प्लेटीचा खर्च चांगल्या वापरलेल्या प्लेटीच्या किमतीजवळ जाईल. मी तुमच्या जागी असतो तर आधी 0.05 च्या आतली झीज असलेली प्लेट मिळते का ते शोधलं असतं, विकणाऱ्याकडून डायल लावलेला फोटो मागून. मिळाली तर तिला फक्त हलकं लॅपिंग पुरेल. नाही मिळाली तर वरचा क्रम धरा, आणि ग्राइंडिंगला देण्याआधी मागच्या प्लेटीच्या खाचेची खोली आणि तिन्ही प्लेटींचा वाक मोजून कळवा. खाचेची भिंत शाबूत नसेल तर त्या प्लेटीवर पैसे घालू नका असंच मी सांगेन.